वाळूत कालवलेले तीळ

माझं काम ऐकायचं. हसू नका, वस्तीतले सगळे हसून झालेले आहेत. आठवड्यातल्या तीन सकाळी मी निळं जॅकेट घालून शाळेमागच्या चिंचेखाली चटई टाकायची आणि ज्याला सांगायचंय त्याचं ऐकत बसायची. त्यासाठी एका संस्थेने सहा दिवस शिकवलं होतं. मधे बोलायचं नाही, आभाळाकडे बघायचं नाही, 'देवाची मर्जी' म्हणून समोरच्याचं तोंड बंद करायचं नाही, आणि ऐकलेलं उठताना चटईवरच ठेवून यायचं. शेवटच्या दिवशी हात वर करून तशी शपथ घ्यायला लावली. बदल्यात महिन्याला साबणाच्या चार वड्या मिळायच्या. माझा नवरा सिमाया म्हणायचा, "माजं ऐकायला किती साबन घेशील?"

आज जे सांगते आहे, ते ज्यांचं आहे त्यांना विचारून सांगते आहे.

सीमा ओलांडून युगांडातल्या या निर्वासितांच्या वस्तीत आलो त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. जुलै सरत आला होता. रेशन अर्ध्यावर आणलं होतं, आणि मक्याचं पीठ पंधरवड्यालाच तळाला लागत होतं. पाऊस तीनदा बरा पडून गेला होता. आमच्या झोपड्यांच्या रांगेतल्या सगळ्यांचे तीळ पेरून झाले होते, काहींचे बोटभर वरही आले होते. आमचं तीस पावलांचं चौकोनी रान तेवढं उघडं, लाल, आणि इतकं भुसभुशीत की कोंबड्या त्यात लोळायला यायच्या. सिमायाने ते तीनदा खणलं होतं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून चौथ्यांदा खणत होता. कंबर धरली की कुदळीच्या दांड्याला टेकून उभा राहायचा, आणि कोणी बघितलं की लगेच पुन्हा वाकायचा.

शेजारची आसुंता पाण्याचा डबा डोक्यावर घेऊन जाताना थांबली.

"काय वो सिमाया, आनि किती खोल? खालनं पानी लागलं की आमालाबी नळ द्या."

सिमाया हसला. खोटं हसला. मी खडे वेचत होते, मला तेवढंही जमलं नाही.

"बी न्हाई का?" आसुंताने मला विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं.

"हाय की."

"मंग? म्हातारी अजून उशाला घिऊन निजती?" आणि डोक्यावरचा डबा सावरत ती पुढे गेली.

म्हातारी म्हणजे माझी सासू, गुने. गोळीबार सुरू झाला त्या रात्री बायकांनी भांडी घेतली, गाद्या घेतल्या, कोणी कोंबड्या काखोटीला मारल्या. गुनेने बोकडाच्या कातड्याची तिळाची पिशवी घेतली आणि अकरा दिवस डोक्यावरून उतरवली नाही. ते तीळ तिच्या सासऱ्याच्या घरचे. त्या घरात पहिली मूठ थोरल्या मुलाच्या हातची पडायची, मग बाकीच्यांनी पेरायचं. थोरला एलिकाना. गुरं सोडून येणार नाही म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, आणि मागेच राहिला. त्याची बायको आधीच बाळंतपणात गेलेली, त्यामुळे त्याला ओढून आणणारं कोणी नव्हतं. पहिल्या वर्षी आम्ही त्याची वाट बघितली. दुसऱ्या वर्षी कोणीतरी म्हणालं, दिसला होता, येतोय. म्हणून पुन्हा वाट बघितली. तीळ तीन वर्षं तग धरतात, पुढे उगवत नाहीत. यंदा नाही पेरले तर त्या पिशवीत उरणार होता तो नुसता कचरा.

त्या दुपारी सिमायाने शेवटी विषय काढलाच. गुने झोपडीच्या सावलीत चवळीचा पाला निवडत बसली होती.

"आई, औंदा तरी दे ती पिशवी."

"देते की. थोरला येऊ दे."

"आनि न्हाई आला तर?"

"न्हाई कसा येतोय?"

"आगं, पन समज..."

गुनेने पाला बाजूला ठेवला. "थोरला नसला तर धाकटा टाकतो मूठ. तुज्या बापानं टाकली होती. त्याच्या भावाला पुरला, तिसऱ्या दिशी टाकली. तुला पुरायचाय का तुज्या भावाला? तोंडानं म्हन तसं. आत्ता पिशवी आनून देते."

सिमाया कुदळ घेऊन पुन्हा रानात गेला. मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू? माझ्या दोन पोरी संध्याकाळी अर्ध्या पोटाने उठत होत्या, आणि ही हट्टाला पेटली होती. पण तिचा तो हट्ट म्हणजेच तिचा थोरला मुलगा होता, हेही कळत होतं.

*

रोडा चिंचेखाली पहिल्यांदा आली तेव्हा वस्तीत येऊन तिला महिना झाला असेल. पंचविशीची पोरगी, पाठीला दहा महिन्यांचा मुलगा बांधलेला, दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं गेलेली. चटईच्या अगदी कडेला बसायची. चार सकाळी नुसती बसली. मी मधे बोलले नाही. पाचव्या सकाळी मुलाला पाजताना, त्याच्याकडेच बघत, सांगायला लागली.

"मी एक मानूस रस्त्यात ठिवून आले."

तिने मुलाच्या तोंडावरची माशी हाकलली.

"माजाच मानूस. पोराचा बाप. पायाला लागलं होतं त्याच्या, तिसऱ्या दिशी पाय असा टम्म फुगला. वास सुटला. मी म्हनलं, मी ओढत न्हेते. म्हनला, पोराला न्हे, मी मागनं येतो. मला कळत होतं ना येनार न्हाई ते! झाडाखाली बसवला. पान्याचा डबा त्याच्यापाशी ठिवला. आनि चालाय लागले. एकदाबी मागं बघितलं न्हाई. बघायला पायजे होतं."

"मंग?" हे मी विचारायला नको होतं.

"दोन दिसांनी मागनं मानसं आली, ती नदीवर भेटली. म्हनली, झाडाखाली एक मेलेला हाय, आमी वर फांद्या घातल्या. मी विचारलं, उजव्या हाताची दोन बोटं न्हाईत का? म्हनले, व्हय, न्हाईत." ती थांबली. मुलगा पिता पिता झोपला होता. "आनि म्हनले, पान्याचा डबा भरलेला होता, आमी घिऊन आलो. दाखवला मला डबा. माजाच. त्यो घोटभरबी प्याला न्हाई, बाई. आमी दोघं दोन दीस पान्याबगार चाललो, माजं दूध आटलं, पोर रडायचं थांबलं, आनि त्यानं घोट न्हाई घेतला."

आमच्या एलिकानाचा उजवा हात लहानपणीच ऊस तोडताना कोयत्याखाली आला होता, दोन बोटं गेली होती. त्या हाताच्या मुठीतून बी गळायचं, म्हणून तो डाव्या हाताने पेरायचा.

"नाव काय त्याचं?" मी विचारलं.

"एलिकाना."

बायका पलीकडे नळावर भांडत होत्या, ते आवाज लांबून आल्यासारखे वाटले. मला शिकवलं होतं की अशा वेळी श्वास मोजावा. मी मोजत राहिले, आणि किती झाले ते मला सांगता येणार नाही.

"म्हनायचा, आई हाय तिथं वस्तीत कुठंतरी. भाऊ हाय," रोडा सांगत होती. "मी कुनाला नावबी विचारत न्हाई. भेटली तर काय सांगू तिला? तुमचा ल्योक झाडाखाली टाकून आले? ती पोर काढून घील माजं. घ्यायलाच पायजे, अशा बाईपाशी कशाला ठिवायचं?" मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुमी कुनाला सांगनार न्हाई ना?"

मी शपथेचा हात वर केला.

*

घरी आले तर गुने रोजच्यासारखी दारात बसली होती.

"बसलं का कुनी आज?"

"बसलं."

"रडलं?"

"न्हाई."

"रडून घ्यायला पायजे गं मानसानं," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला डबा घेऊन पाणी पातेल्यात ओतायला लागली. तिच्या ओतण्याचा आवाज मला ऐकवेना. मी लाकडं आणायच्या निमित्ताने बाहेर पडले आणि उगाच अंधार पडेपर्यंत फिरले.

पुढचे दहा-बारा दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. गुने सकाळी उठून पिशवी उन्हात ठेवायची, तोंड सोडून तिळात हात घालायची, किडे लागलेत का बघायची, पुन्हा बांधायची. सिमाया रानातलं तण काढायचा. पेरणी नाही आणि तण मात्र उगवलेलं. मी मक्याच्या पिठात पाणी वाढवायची. ताटात एलिकानाच्या नावाने गुने पहिला घास बाजूला काढून ठेवायची, नंतर तो धाकट्या पोरीला द्यायची. तो घास माझ्या पोरीच्या तोंडात जाताना बघून मला ओरडावंसं वाटायचं.

रोडाचाही राग यायचा. नळावर रांगेत भेटली की मी तिच्या पायांकडे बघायची. नखं नसलेल्या अंगठ्यांवर नवी कातडी धरत होती. हे पाय चालत राहिले म्हणून मुलगा जगला. आणि हेच पाय माझ्या दिराला सोडून निघाले. दोन्ही खरं होतं, त्यातलं एक निवडता येईना. मुलगा पाठीवरून वाकून बघायचा. कपाळ थेट सिमायाचं. मला वाटायचं, आता कोणीही बघेल आणि ओळखेल. पण वस्तीत एवढी पोरं, कोण कोणाचं कपाळ बघतं!

आमच्यावर देखरेख करायला बियाट्रिस बाई यायच्या. मी नाव न घेता विचारलं, "बाई, सांगनाऱ्याचं दुःख आपल्याच घरचं निघालं तर?"

"तर मला सांगायचं. मी त्यांना दुसऱ्या ऐकणारीकडे पाठवते. तुम्ही बाजूला व्हायचं," त्या म्हणाल्या. "आणि घरात बोलायचं नाही. तुमच्याकडे तसं काही आहे का?"

"न्हाई, सहज विचारलं," मी म्हणाले. चार सकाळी मुकी बसलेली ती पोरगी दुसऱ्या कोणापुढे पुन्हा तोंड उघडेल असं मला वाटत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर एलिकानाबद्दल बोलणारं माणूस मला सोडवतही नव्हतं. तो मीठ कसा टाकायचा, झोपेत कसा दात खायचा, सगळं ती सांगायची. मी तीनदा तिला विचारलं, त्याच्या आईला कळवावंसं वाटतं का? एकदाच विचारायचा नियम आहे. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "तुमी आसं सारखं का इचारता?" तेव्हा मी विचारणं थांबवलं.

मग एका संध्याकाळी आमच्या रांगेचे चेअरमन दारोदार सांगत आले की तीळ टाकायचे राहिले असतील तर या दोन-तीन दिवसांत टाका. पुढे टाकले तर दाणा भरायच्या आधी पाऊस जाईल. आमच्या दारात ते थोडं जास्त थांबले. गुने त्यांना म्हणाली, "बसा, पानी घ्या."

चेअरमन गेल्यावर सिमाया मला रानाच्या कडेला घेऊन गेला. त्याला तापासारखं आलं होतं, डोळे लाल होते.

"मी पुरतो त्याला," तो म्हणाला.

"कुनाला?"

"दादाला. खोटंच पुरतो. म्हनतो, सांगावा आला, गेला. पोरी उपाशी ठिवू का? जित्ता आला तर पाय धरीन त्याचं, मारू दे मला." आणि तो रडायला लागला. मी त्याला माझ्यासमोर कधी रडताना बघितलं नव्हतं. जे मला खरं ठाऊक होतं, ते खोटं म्हणून बोलायचं या कल्पनेने तो रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगितलं नाही. आज वाटतं, बाकी सगळ्याची एकवेळ क्षमा होईल, त्या संध्याकाळची होणार नाही.

"आईला आसं खोटं सांगू नगा," एवढंच म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखाली बसायचा वार होता. गुने पोरींना घेऊन नळावर गेली होती. पिशवी तिच्या चटईवर होती.

तीळ बारीक असतात, नुसते फेकले तर मुठीतून एकाच जागी पडतात. म्हणून आमच्यात एक वाटी तिळाला चार वाट्या वाळू घालून कालवतात. ओढ्याची ओली वाळू. ती घातली की बी फुगायला लागतं, त्याच दिवशी पेरावं लागतं. परत निवडता येत नाही. वाळू सिमायाने जूनमध्येच आणून ठेवली होती, पावसाने ती ओलीच राहिली होती.

मी सूप घेतलं. पिशवीचं तोंड सोडलं. तीळ ओतले, वाळू ओतली, आणि दोन्ही हातांनी कालवायला लागले. मी कोणाला काही सांगत नाहीये, असं स्वतःला बजावत होते. शपथ तोंडाची होती, हातांची नव्हती. एवढी मूर्ख मी आयुष्यात दुसऱ्यांदा झाले नाही.

गुने दारात कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. डोक्यावर डबा तसाच होता.

मला वाटलं होतं की ती ओरडेल, मारेल. ती सुपाकडे बघत राहिली. मग डबा उतरवला, आणि खाली बसून वाळूत एक बोट घातलं, ओली आहे का ते बघितलं.

"तू असलं करनारी न्हाईस," ती म्हणाली. "सिमाया करंल. तू न्हाई."

मी वाळू कालवतच राहिले.

"कुनी सांगितलं तुला?"

"आत्याबाई..."

"कोन बसलं तुज्यापुढं?"

मी मान खाली घातली. हात कोपरापर्यंत वाळूने माखले होते.

"बरं," ती म्हणाली. "तुला बोलायचं न्हाई. माज्यावर कुनी शपथ घातल्याली न्हाई." आणि उठून, अंगावरचं कापडही न सावरता, चालायला लागली. सत्तरीची बाई, मी मागून पळत होते तरी मला गाठता येईना.

चिंचेखाली सातआठ बायका आधीच बसल्या होत्या. रोडा नेहमीच्या कडेला होती, मुलगा मांडीवर. मी चटई टाकायची ती जागा ओलांडून गुने त्यांच्यात जाऊन बसली. कोणी तिला आधी तिथे बघितलं नव्हतं. मी जॅकेटही घातलेलं नव्हतं.

"मलाबी सांगायचंय," गुने म्हणाली. आवाज साधा, बाजारात भाव विचारावा तसा. "माजा थोरला. एलिकाना नाव. उजव्या हाताला तीनच बोटं, डाव्या हातानं पेरतो. तिसरं वर्स लागलं. कुनी बघितला का, येवढंच सांगा. काय झालं, कसं झालं, कुनी काय केलं, काय इचारनार न्हाई. बघितला का?"

रोडा ताडकन उठली. पण ती गुनेकडे वळली नाही, माझ्याकडे वळली.

"सांगितलंस!" ती किंचाळली. "हात वर केला होतास! सांगितलंस तू, घरात जाऊन सांगितलंस!"

मी नाही म्हणू शकले असते. माझ्या हातांवर अजून वाळू होती. बायका एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. आसुंतापण त्यांच्यात होती, ती हळूच आपली चटई गुंडाळायला लागली.

ते तिथेच संपलं, माझं ऐकायचं काम. त्या दिवसानंतर चिंचेखाली माझ्यापुढे कोणी बसलं नाही. निळं जॅकेट मी धुऊन, घडी घालून बियाट्रिस बाईंना नेऊन दिलं. त्यांनी थांबवलं नाही.

रोडाला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. मुलाला छातीशी दाबून ती उभी राहिली, पळावं की बसावं ते सुचेना. गुने जागची हलली नव्हती.

"बस," गुने म्हणाली.

रोडा बसली.

"मेला?"

"व्हय."

"कुठं?"

"वाटंत. झाडाखाली. पाय सडला होता. मी..." रोडाने श्वास घेतला. "मी ठिवून आले त्याला."

कोणी तरी बाई रडायला लागली, म्हणजे रीतीने आधी रडतात तशी. गुनेने हात वर करून तिला गप्प केलं.

"पानी किती ठिवलंस त्याच्यापाशी?"

"होतं तेवढं समदं."

"आनि तुमास्नी?"

रोडाने नकारार्थी मान हलवली. गुनेने तिच्या पायांकडे बघितलं, अंगठ्यांकडे. मग मुलाकडे. बराच वेळ.

"प्याला का त्यो?" तिने विचारलं. "पानी प्याला का मरताना?"

रोडाने मान वर केली, आणि तिची माझी नजर भेटली. त्या चटईवर मला तिने जे सांगितलं होतं ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

"प्याला," रोडा म्हणाली. "डबा रिकामा व्हता म्हनली मानसं. समदं प्याला."

गुनेचे खांदे खाली आले. "उनाचं लई पानी लागायचं त्याला," ती म्हणाली. "ल्हानपनापासनं."

मी एक शब्द बोलले नाही. गुनेला जाऊन आता दोन वर्षं झाली, ती असेपर्यंत बोलले नाही. मला एवढं एकच राखता आलं.

*

गुने उठली. बायका तिला धरायला गेल्या तर तिने हात झटकले.

"आधी पेरा. वाळू कालवलीय. मंग रडू."

ती पुढे, तिच्या मागे मी, आणि माझ्या मागे बऱ्याच अंतरावर रोडा. तिला कोणी ये म्हणालं नव्हतं. ती का आली ते मी नंतर विचारलं, तर म्हणाली, पोर घेतील ते घेतील, पण मागे न बघता दुसऱ्यांदा जाणं व्हायचं नाही.

सिमाया रानात उभा होता. आसुंता त्याला सांगून गेलेली दिसत होती, कारण त्याने कुदळ आडवी टाकली होती आणि तो त्या कुदळीकडे नुसता बघत होता. मी सूप आणलं. उन्हाने वरची वाळू सुकायला लागली होती, मी हाताने खालची वर केली. तो पुढे झाला, हात पुसले, आणि सुपात हात घालणार तेवढ्यात गुने म्हणाली, "थांब."

ती रोडासमोर जाऊन उभी राहिली. रोडाने मुलाला घट्ट धरलं.

"काडून घ्यायला न्हाई आले," गुने म्हणाली. "तूच धर. हिकडं आन त्याला. कडंला हो, माती तुडवू नगंस."

रोडा रानाच्या कडेला आली. गुनेने तिला उकिडवं बसवलं, आणि मी सूप त्यांच्यापुढे धरलं. मुलगा सुपाकडे बघून पाय मारायला लागला. रोडाने त्याचा उजवा हात धरून वाळूत घातला. थंड लागल्यामुळे त्याने मूठ आवळली.

"त्यो न्हाई," गुने म्हणाली.

रोडाला कळलं नाही. सिमायाला कळलं, आणि तो तिथेच रानात खाली बसला.

गुनेने मुलाची मूठ सोडवली, तळव्याला चिकटलेले तीळ एकेक करून परत सुपात टाकले, आणि त्याचा दुसरा हात आपल्या हातात घेतला.

"डावा," ती म्हणाली. "आमी डाव्यानं पेरतो."